एक्स-शोरूम ते ऑन-रोड : नव्या गाडीचे कोटेशन वाचताना

ठाणे किंवा नवी मुंबईत गाडी पाहायला गेल्यावर प्रथम सांगितली जाते ती एक्स-शोरूम किंमत. तीत वितरकाचा नफा आणि जीएसटी आधीच धरलेला असतो, त्यामुळे कोटेशनमध्ये गाडीवरचा जीएसटी खाली पुन्हा वेगळा लावलेला दिसला, तर तिथेच हरकत घ्यावी.

या किमतीत बाकीचे कर आणि खर्च मिळवले की होते ती ऑन-रोड किंमत. एक्स-शोरूममध्ये नसलेली सर्वांत मोठी रक्कम म्हणजे राज्याचा एकरकमी वाहन कर. महाराष्ट्रात व्यक्तीच्या नावावरील पेट्रोल गाडीला दहा लाखांपर्यंत 11 टक्के, वीस लाखांपर्यंत 12 टक्के आणि त्यापुढे 13 टक्के कर पडतो. डिझेलला प्रत्येक टप्प्यावर दोन टक्के अधिक. हा दर वरच्या फरकावर नव्हे, तर पूर्ण किमतीवर लागतो, आणि नेमके हेच बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. 9,90,000 रुपयांच्या पेट्रोल गाडीवर 1,08,900 रुपये कर होतो, तर 10,20,000 च्या गाडीवर 1,22,400; शिवाय दहा लाख ओलांडल्यामुळे एक टक्का टीसीएस (विक्रीच्या वेळीच विक्रेत्याने गोळा करायचा आयकर), म्हणजे आणखी 10,200 रुपये. टीसीएस आयकर विवरणपत्रात वळता करून घेता येतो, वाहन कर मात्र गेला तो गेलाच. वागळे इस्टेटमधल्या लघुउद्योजकांनी एक गोष्ट जरूर लक्षात घ्यावी : गाडी कंपनीच्या नावावर घेतल्यास हाच कर 20 टक्के होतो.

विमाही एक्स-शोरूम किमतीबाहेरच असतो. नव्या कारला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा (आपल्या गाडीमुळे इतरांचे झालेले नुकसान भरून देणारा) सक्तीचा आहे, पण तो शोरूममधूनच घेण्याची सक्ती नाही. म्हणून तेच कव्हर बाहेर कितीला मिळते, हे बुकिंगपूर्वी विचारून घ्यावे. फास्टॅग आवश्यक; अ‍ॅक्सेसरीज आणि वाढीव वॉरंटी पूर्णपणे ऐच्छिक.

कोपरखैरण्याला राहणाऱ्या माझ्या भाचीच्या कोटेशनवर छापील रकान्यांच्या खाली पेनाने ‘हँडलिंग 8,500’ असे लिहिलेले होते. कशाबद्दल, एवढेच विचारून आम्ही त्याचे स्वतंत्र बिल मागितले, तेव्हा ती ओळ मुकाट्याने खोडली गेली. तोंडी ऑन-रोड आकडा कधीही मान्य करू नये. प्रत्येक रक्कम वेगळी लिहून आणि शिक्क्यासह घ्यावी.

पासिंग झाल्यावर कराची सरकारी पावती मागावी, तीवरची रक्कम कोटेशनमधल्या ‘आरटीओ’ रकान्याशी ताडून पाहावी आणि नोंदणीचे शुल्क वजा जाता जो फरक उरेल, त्याचा हिशेब गाडीची किल्ली हातात घेण्याआधी मिटवावा.