परिपत्रक हाती पडण्याआधीची तयारी: मुंबईतील वैद्यकीय अध्यापकांसाठी

वैद्यकीय महाविद्यालयातील अध्यापकापर्यंत संशोधन अनुदान, अभ्यासवृत्ती किंवा पदोन्नतीच्या संधीची बातमी बहुधा उशिरा पोहोचते. परिपत्रक दिल्लीहून किंवा नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठातून निघते, अधिष्ठात्यांच्या कार्यालयात त्याची आवक नोंद होते, मग ते विभागप्रमुखांच्या टेबलावर येते. आणि ओपीडी आटोपून दुपारी अडीचला विभागात परतलेल्या सहायक प्राध्यापकाला त्याचा तिरका काढलेला फोटो व्हॉट्सॲपवर दिसतो, तेव्हा अंतिम मुदतीला आठ-दहा दिवस उरलेले असतात. एवढ्या दिवसांत प्रस्ताव लिहून होतो, हे अनेकांनी करून दाखवले आहे. एथिक्स कमिटीची, म्हणजे माणसांवरील संशोधन नीतीला धरून आहे का हे तपासणाऱ्या समितीची मान्यता, सहसंशोधकांची पत्रे, आस्थापना शाखेचे अनुभव प्रमाणपत्र आणि अधिष्ठात्यांची सही मात्र एवढ्या दिवसांत एकत्र जमत नाहीत. म्हणून पुढील मजकुरात भर आहे तो बातमी येण्यापूर्वी करून ठेवायच्या कामांवर.

बातमी स्वतः शोधावी

विभागाच्या ग्रुपवर विसंबून राहू नये. महिन्यातून दोन ठरावीक दिवशी, प्रत्येकी अर्धा तास, मोजक्या संकेतस्थळांवर नजर टाकली तरी पुरते: राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोग म्हणजे एनएमसी, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद म्हणजे आयसीएमआर, केंद्राचा आरोग्य संशोधन विभाग, जैवतंत्रज्ञान विभाग, 2023 च्या कायद्याने स्थापन झालेले अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान, आपले विद्यापीठ आणि शासकीय महाविद्यालयांत नोकरी हवी असणाऱ्यांसाठी महाराष्ट्र लोकसेवा आयोग. जे सापडेल ते एका साध्या तक्त्यात नोंदवावे. त्या तक्त्यात जाहिरातीतील अंतिम तारखेच्या शेजारी आणखी एक रकाना असावा आणि त्यात आपल्या कार्यालयाची खरी अंतिम तारीख लिहावी. सही अधिष्ठात्यांची हवी असेल तर ही तारीख किमान पंधरा दिवस आधीची धरावी. एकदा संपूर्ण तयार असलेला प्रस्ताव मला केवळ सही करणारे अधिकारी बैठकीसाठी मंत्रालयात गेले होते म्हणून पाठवता आला नव्हता. त्या दिवसापासून तक्त्यातला तो रकाना मी कधी रिकामा ठेवलेला नाही.

पदोन्नतीचे नियम मूळ राजपत्रातूनच वाचावेत

अध्यापकांच्या पात्रतेचे विनियम एनएमसीने 2022 मध्ये आणले आणि 2025 मध्ये पुन्हा नव्याने काढले. कॅन्टीनमधली चर्चा मात्र अजूनही जुन्या मेडिकल कौन्सिलच्या काळातील तरतुदींवर चालते, जी संस्था 25 सप्टेंबर 2020 रोजी एनएमसी अस्तित्वात येताच इतिहासजमा झाली. त्यामुळे आपण ज्या पदासाठी पात्र ठरू पाहतो, त्यापुढील ओळ मूळ राजपत्रात शोधून तिची प्रत स्वतःच्या फाइलीत लावावी.

पदोन्नतीसाठी लागणारे दोन अभ्यासक्रम मात्र कोणाचीही वाट न पाहता उरकून घ्यावेत. पहिला जैववैद्यकीय संशोधनाचा मूलभूत अभ्यासक्रम, जो चेन्नईची राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्था ऑनलाइन चालवते; दुसरा वैद्यकीय शिक्षण तंत्रज्ञानाचा मूलभूत अभ्यासक्रम, जो एनएमसीच्या विभागीय किंवा नोडल केंद्रांच्या देखरेखीखाली होतो. पहिल्याची नोंदणी ठरावीक फेऱ्यांत उघडते आणि परीक्षा चुकली तर पुढच्या फेरीपर्यंत थांबावे लागते. पदोन्नतीच्या यादीची तारीख त्यासाठी थांबत नाही. दुसऱ्या अभ्यासक्रमाच्या बाबतीत मुंबईकर अध्यापक सुदैवी आहेत, कारण परळच्या सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयात वैद्यकीय शिक्षणाच्या प्रशिक्षणाची परंपरा जुनी आहे. वैद्यकीय शिक्षणासाठी काम करणाऱ्या अमेरिकेतील फाइमर या प्रतिष्ठानाची प्रादेशिक संस्था 2005 मध्ये तिथेच सुरू झाली होती. 2019 च्या तुकडीपासून एमबीबीएसला क्षमताधारित, म्हणजे विद्यार्थ्याला प्रत्यक्ष काय करता येते यावर भर देणारा अभ्यासक्रम लागू झाल्यावर या प्रशिक्षणाकडे केवळ प्रमाणपत्राची सोय म्हणून पाहणे तसेही परवडणारे राहिलेले नाही.

शोधनिबंधांच्या बाबतीत सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे प्रकार न पाहता संख्या मोजणे. 2022 च्या विनियमांत मूळ संशोधन, मेटा-ॲनालिसिस (अनेक अभ्यासांच्या आकडेवारीचे एकत्र विश्लेषण), पद्धतशीर आढावा आणि केस सिरीज (सारख्या अनेक रुग्णांची नोंद) यांनाच मान्यता होती. एकट्या रुग्णाचा केस रिपोर्ट कितीही दुर्मीळ असला तरी तो त्यात बसत नव्हता. नियतकालिक निबंधांची नोंद ठेवणाऱ्या कोणत्या मान्य सूचीत आहे आणि लेखकांच्या यादीत आपले नाव कितवे आहे, हेही तपासले जाते. त्यामुळे लेखकांचा क्रम अभ्यास सुरू होतानाच लेखी ठरवावा. निबंध स्वीकारला गेल्यावर तो विषय काढला, तर वर्षानुवर्षांच्या सहकाऱ्यांतही अबोला धरला जातो.

एथिक्स कमिटी: खरा वेळ इथे जातो

नवीन औषधे आणि क्लिनिकल चाचण्यांचे नियम 2019 मध्ये आले. त्यांनुसार कमिटीत किमान सात सदस्य लागतात, त्यांत वैद्यकीय तज्ज्ञांखेरीज कायदेतज्ज्ञ, सामान्य नागरिक आणि किमान एक महिला सदस्य असते. अनेक अध्यापक प्रस्ताव लिहिताना डोळ्यांसमोर केवळ औषधशास्त्राचे प्राध्यापक ठेवतात, आणि मग बैठकीत सामान्य नागरिक म्हणून बसलेल्या सदस्यांनी संमतीपत्राबद्दल साधा प्रश्न विचारला की त्यांना उत्तर सुचत नाही.

संमतीपत्राकडे म्हणूनच शेवटचा कागद म्हणून पाहू नये. मुंबईच्या कोणत्याही मोठ्या रुग्णालयात मराठी आणि हिंदी माहितीपत्रक तर लागतेच, पण वस्तीनुसार गुजराती किंवा उर्दूही लागते, आणि प्रत्येक भाषांतराचे उलट, म्हणजे पुन्हा मूळ भाषेत भाषांतर करून घ्यावे लागते. या कामाला आठवडे जातात. त्यातही भाषांतर संस्थेकडून आलेली मराठी अनेकदा रुग्णाच्या कामाची नसते. ‘आपले यादृच्छिकीकरण करण्यात येईल’ हे वाक्य कल्याणहून लोकलने आलेल्या आजींना वाचून दाखवावे आणि त्यांच्या चेहऱ्याकडे पाहावे. त्याऐवजी ‘तुम्हाला दोनपैकी कोणते औषध मिळेल हे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरेल, ते डॉक्टरांच्या हातात नसेल’ असे लिहिले तर त्या पुढचा प्रश्न स्वतःहून विचारतात. प्लासिबो म्हणजे ‘औषधासारखी दिसणारी, पण औषध नसलेली गोळी’. अभ्यासातून बाहेर पडण्याचा हक्क सांगताना ‘तुम्ही मध्येच नाही म्हणालात तरी तुमचे इथले उपचार पूर्वीसारखेच चालू राहतील’ हे वाक्य ठळक असावे, कारण सरकारी किंवा पालिकेच्या रुग्णालयातील रुग्णाला नेमकी त्याचीच भीती असते. वॉर्डातील अनुभवी सिस्टरांना किंवा समाजसेवा अधीक्षकांना मसुदा वाचायला दिला तर अर्ध्याहून अधिक अडचणीचे शब्द तिथेच गळून पडतात. ही मदत फुकट मिळते आणि ती क्वचितच कोणी मागतो.

कमिटीच्या वर्षभरातील बैठकांच्या तारखा जानेवारीतच सचिवालयातून मागून घ्याव्यात. साधा हिशेब असा धरावा: कागद बैठकीच्या आधी काही आठवडे सादर करणे, बैठक, शंकांचे पत्र, उत्तर आणि मग मान्यता. यात दोन-तीन महिने सहज निघून जातात. क्लिनिकल चाचणी असेल तर पहिला रुग्ण घेण्यापूर्वी तिची नोंदणी क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडियामध्ये झालेली असली पाहिजे. ही रजिस्ट्री 2007 पासून चालू आहे आणि एप्रिल 2018 पासून मागाहून केलेली नोंदणी तिथे स्वीकारली जात नाही. परदेशी निधी किंवा परदेशी संस्थेचा सहभाग असेल तर केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीचा टप्पा वाढतो. अशा प्रस्तावाला दिलेले वेळापत्रक दुप्पट करून वाचावे.

सुरुवात लहान ठेवावी

पहिलाच प्रस्ताव कोटीच्या घरातला असू नये, असे माझे मत आहे, आणि त्याबद्दल तरुण सहकाऱ्यांशी माझे मतभेदही होतात. आयसीएमआरची एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांसाठीची अल्पमुदतीची अभ्यासवृत्ती 1979 पासून चालू आहे. पैसे विद्यार्थ्याला मिळतात, पण मार्गदर्शक म्हणून काम करणाऱ्या अध्यापकाला दोन महिन्यांच्या छोट्याशा अभ्यासात संपूर्ण साखळीचा सराव होतो: प्रश्न ठरवणे, एथिक्स कमिटी, माहिती गोळा करणे, वेळेत अहवाल. पदव्युत्तर प्रबंधासाठीच्या अर्थसाह्याचेही तसेच आहे. आपल्याच पीजी विद्यार्थ्याच्या प्रबंधाला ते मिळवून दिले, तर त्या कामातून पुढच्या मोठ्या प्रस्तावासाठी लागणारी प्राथमिक माहिती हाती येते. ‘प्राथमिक निष्कर्ष’ या रकान्यात लिहायला काहीच नाही, म्हणून प्रस्ताव मागे पडतात. तो रकाना अशाच लहान कामांतून भरतो.

शेजारी कोण आहे ते पाहावे

मोठ्या प्रस्तावात एकट्या विभागाची ताकद कमी पडते, आणि मुंबईसारखा शेजार देशात फार थोड्या शहरांना लाभला आहे. परळच्या परिसरातच 1899 मध्ये स्थापन झालेली हाफकिन संस्था, आयसीएमआरची प्रजनन व बालआरोग्य संशोधन संस्था, के. ई. एम. रुग्णालयाच्या आवारातील रक्तविकारांवर संशोधन करणारी राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था आणि टाटा स्मारक रुग्णालय आहे. खारघरला टाटांचेच कर्करोग संशोधन केंद्र आहे, आणि पवईला आयआयटीत वैद्यकीय उपकरणांवर काम करणारे बेटिक हे केंद्र आहे. आपल्याकडे रुग्ण आहेत आणि वेळ नाही. त्यांच्याकडे यंत्रे आणि संशोधनाला वाहिलेली माणसे आहेत, पण रुग्ण दुर्मीळ. सहकार्याची विनंती मात्र अनुदानाची जाहिरात आल्यावर करू नये. जाहिरातीच्या आठवड्यात आलेल्या अनोळखी ईमेलला शास्त्रज्ञ काय उत्तर देणार? त्याआधीच्या सहा महिन्यांत एखादे व्याख्यान ऐकायला जावे, एक प्रश्न विचारावा, एकत्र चहा घ्यावा. पवईला जायला दुपार मोडते हे खरे आहे.

खर्चाचे अंदाजपत्रक

तयार नमुना उतरवून काढलेले अंदाजपत्रक परीक्षकांना लगेच ओळखू येते. मुंबईतील प्रस्तावात दोन बाबी हमखास राहून जातात. पहिली रुग्णाचा प्रवास: पुनर्तपासणीसाठी पालघरहून किंवा कसाऱ्याहून येणाऱ्या रुग्णाला भाड्याबरोबर त्या दिवसाची मजुरीही सोडावी लागते, आणि ही भरपाई धरली नाही तर तिसऱ्या भेटीपर्यंत निम्मे रुग्ण येईनासे होतात. दुसरी खरेदीची प्रक्रिया: निविदा, तुलनात्मक तक्ता आणि मंजुरी यांत महिने जातात, त्यामुळे अभिकर्मकांवर, म्हणजे चाचण्यांसाठी लागणाऱ्या रसायनांवर अवलंबून असलेले काम पहिल्या तिमाहीत दाखवू नये. पैसा जमा झाल्यावर लेखा शाखेशी लगेच बोलून खर्चाची शीर्षे समजून घ्यावीत, कारण 31 मार्चनंतर विनियोग प्रमाणपत्र, म्हणजे पैसा ठरल्या कामावर खर्च झाल्याचा दाखला वेळेत गेला नाही तर पुढचा हप्ता अडतो.

अभ्यासवृत्ती, रजा आणि परवानगी

फुलब्राइट-नेहरू अभ्यासवृत्ती, आयसीएमआरच्या परदेशी अभ्यासवृत्त्या, जैवतंत्रज्ञान विभाग आणि ब्रिटनचा वेलकम ट्रस्ट यांच्या, 2008 पासून काम करणाऱ्या इंडिया अलायन्सच्या क्लिनिकल आणि सार्वजनिक आरोग्य संशोधनासाठीच्या अभ्यासवृत्त्या अशी दारे उघडी आहेत. निवड होण्यापेक्षा निवडीनंतर जाऊ दिले जाणे अनेकदा कठीण ठरते. शासकीय किंवा पालिकेच्या सेवेतील अध्यापकाने अर्जच योग्य मार्गाने, म्हणजे विभागप्रमुख आणि अधिष्ठाता यांच्यामार्फत पाठवावा. ना हरकत प्रमाणपत्र, परदेशगमनाची पूर्वपरवानगी आणि रजेचा प्रकार लेखी ठरवून घ्यावा. एनएमसीला अध्यापकांची किमान 75 टक्के उपस्थिती लागते, त्यामुळे आपल्या गैरहजेरीत विभागातील अध्यापकांची संख्या कमी पडणार नाही, हे विभागप्रमुखांना कागदावर दाखवता आले तर सही लवकर होते. आपली व्याख्याने आणि युनिटचे काम कोण घेणार, त्यांची नावे आणि त्यांची संमती अर्जालाच जोडावी.

संधीच्या वेषातील फसवणूक

‘डिअर एस्टीम्ड प्रोफेसर’ अशी सुरुवात करून पाच दिवसांत निबंध छापण्याचे आमिष दाखवणारे ईमेल आता रोज येतात. पैसे घेतात म्हणून नियतकालिक वाईट ठरत नाही. पण संपादक मंडळात कोण आहे, परीक्षण खरोखर होते का, आणि सूचीत असल्याचा दावा त्या सूचीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर खरा ठरतो का, हे तीन प्रश्न विचारावेतच. विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्य नियतकालिकांची केअर यादी फेब्रुवारी 2025 मध्ये बंद झाली, तरी तिचा शिक्का जाहिरातीत मिरवणारी नियतकालिके अजून दिसतात. नव्या अध्यापकांना मी आधी घरचा उंबरा दाखवतो: के. ई. एम. आणि सेठ गो. सुं. महाविद्यालयाच्या अध्यापकांची सोसायटी 1955 पासून जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन चालवते. तिथे नकार मिळाला तरी परीक्षकांच्या शेऱ्यांतून शिकायला मिळते.

कायम तयार असावी अशी फाइल

एका फोल्डरमध्ये, स्कॅन केलेल्या आणि मूळ अशा दोन्ही रूपांत, ही कागदपत्रे वर्षभर अद्ययावत ठेवावीत: नियुक्तीचे आणि प्रत्येक बदलीचे आदेश, रुजू आणि कार्यमुक्तीचे अहवाल, पदव्युत्तर पदवीच्या नोंदणीसह महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचे प्रमाणपत्र, त्या नोंदणीच्या दर पाच वर्षांच्या नूतनीकरणासाठी लागणाऱ्या, परिषदा-कार्यशाळांतून मिळणाऱ्या 30 क्रेडिट गुणांची नोंद, दोन्ही अभ्यासक्रमांची प्रमाणपत्रे, निबंधांची पहिली पाने आणि त्यांच्या सूचीचा पुरावा, आणि दोन पानांत मावणारा परिचय. नावाचे स्पेलिंग सर्व कागदांवर एकसारखे आहे का, हे एकदा शांतपणे बसून पाहावे. लग्नानंतर नाव बदललेल्या अनेक महिला अध्यापकांची पडताळणी याच एका मुद्द्यावर रखडते. राजपत्राची किंवा विवाह नोंदणीची प्रत सोबत असली की प्रश्न मिटतो.

आणि कार्यालयात जो कागद द्याल त्याच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का, तारीख आणि क्रमांक घेतल्याशिवाय खिडकीपासून हलू नये. महिन्याने ‘तुमचा अर्ज इथे आलाच नाही’ असे ऐकावे लागले, तर फाइल शोधायला लिपिकाला तोच क्रमांक लागतो.