मायक्रोला ॲडमिशन घेतलीय? मग प्लेट फेकायच्या आधी हे वाचा

दरवर्षी जून-जुलैत ओळखीतल्या मुलामुलींचे फोन येतात, ताई मायक्रोला (मायक्रोबायोलॉजी, म्हणजे सूक्ष्मजीवशास्त्राला) ॲडमिशन घेतलीय, पुढे स्कोप काय, पॅथॉलॉजी लॅबमध्येच जावं लागतं का. स्कोपचं खाली सांगते, पण त्याआधी एक गोष्ट सांगायचीय, जिवाणू एकेकटे नाही तर वस्ती करून राहतात ही, जी मला थेट टीवायला (बीएस्सीच्या तिसऱ्या वर्षाला) कळली, फर्स्ट इयरलाच कळली असती तर तीन वर्षं मी जे शिकले ते दुप्पट समजून शिकले असते.

आम्ही ओझरच्या पुढचे, द्राक्षवाले. शेत वाघाडच्या कॅनॉलवर, तिकडे पाणीवापर संस्था आहेत, त्यामुळे पाळी (ज्याच्या त्याच्या पाण्याची वेळ), आवर्तन (कॅनॉलला पाणी सोडण्याचा फेरा), हेड (कॅनॉलचं वरचं टोक), टेल (शेवटचं टोक) हे शब्द शाळेत जायच्या आधीपासून कानावर. वरच्याने कधी दार बंद करायचं आणि टेलच्या शेतापर्यंत पाणी कसं पोचवायचं यावर घरात किती रात्री बोलणं चालायचं ते विचारू नका. आणि दुसरं म्हणजे ठिबक. लॅटरलच्या (शेतात पसरलेल्या ठिबकच्या नळीच्या) शेवटचं टोक उघडून फ्लश केलं की आधी तपकिरी, बुळबुळीत घाण येते, आण्णा त्याला शेवाळ म्हणायचे आणि ॲसिड सोडायचे, मीही शेवाळच समजत होते. काळ्याकुट्ट नळीच्या आत, जिथे ऊन पोचतच नाही, तिथे शेवाळ वाढेल कसं हा प्रश्न मला टीवायला बायोफिल्म (जिवाणूंची चिकट वस्ती) शिकेपर्यंत पडलाच नाही. त्यात मोठा वाटा जिवाणूंचा असतो. ते स्वतःभोवती साखरेच्या लांब साखळ्या, प्रथिनं, मेलेल्या पेशींचा डीएनए असं सगळं मिळून एक चिकट घर बांधतात, त्यात माती आणि लोह अडकतं आणि ड्रिपर बंद पडतो.

आता कॉलेजात काय होतं बघा. पहिल्या दिवसापासून शिकवतात प्युअर कल्चर, म्हणजे एकच जिवाणू वेगळा काढून वाढवणं. प्लेटवर (जिवाणू वाढवायच्या ताटलीवर) चार क्वाड्रंटमध्ये (भागांत) स्ट्रीक करा, म्हणजे रेघोट्या ओढून जिवाणू पसरवा, सुटी कॉलनी (वाढलेल्या जिवाणूंचा ठिपका) काढा, ग्रॅम स्टेन करा, म्हणजे रंगवून मायक्रोस्कोपखाली बघा. ते शिकायलाच हवं, त्यात हात बसला नाही तर पुढे काहीच जमत नाही, रोज एक प्लेट स्ट्रीक करत राहा, महिन्याभरात हात बसतो. पण त्याने डोक्यात असं बसतं की जिवाणू म्हणजे एकटा राहणारा जीव, खातो, दोनाचे चार होतो, बास. खऱ्या जगात, गोदावरीच्या पाण्यात, मातीत, आपल्या दातांवर, बहुतेक जिवाणू वस्ती करून राहतात, आणि वस्तीत राहणाऱ्याचं वागणं एकट्यापेक्षा वेगळं असतं.

मला हे पहिल्यांदा दिसलं ते प्रोटियस नावाच्या जिवाणूमुळे. होळकर पुलाखालचं पाणी आणून न्यूट्रिएंट अगारवर (जिवाणूंचं अन्न घातलेल्या जेलीवर) टाकलं होतं, दुसऱ्या दिवशी एकही सुटी कॉलनी नाही, अख्ख्या प्लेटवर पातळ थर आणि पाण्यात खडा टाकल्यावर उठतात तशी वलयं, वास कुजक्या मासळीसारखा. मी ती खराब झाली म्हणून टाकून द्यायला निघाले होते, मॅडमनी थांबवलं आणि म्हणाल्या, अगं वलयं का पडली ते आधी सांग. मग वाचलं. प्रोटियस मिराबिलिस कडक पृष्ठभागावर आला की पेशी लांबलचक होते, अंगभर शेपट्या फुटतात, आणि या पेशी एकमेकींना चिकटून जथ्याने सरकतात, एकटी पडलेली पेशी पुढे जातच नाही. थोडं जायचं, थांबायचं, संख्या वाढवायची, परत निघायचं, प्रत्येक थांब्याचं एक वलय. त्याहून भारी म्हणजे दोन वेगळे स्ट्रेन (एकाच जातीतले वेगळे वंश) एका प्लेटवर समोरासमोर सोडले तर मध्ये स्वच्छ रेघ सुटते, आणि एकच स्ट्रेन दोन्हीकडून सोडला तर एकमेकांत मिसळून जातो. त्या रेघेला डीनिस लाईन म्हणतात, 1946 पासून माहितीय, आणि आपलं-परकं ओळखण्यामागची जनुकं 2008 मध्ये सापडली. हा प्रयोग बीएस्सीच्या लॅबमध्ये होतो, मॅडमना विचारून नक्की करा.

क्वोरम सेन्सिंग तुम्हाला सिलॅबसमध्ये दोन पानांत येईल. ग्रामसभेला कोरम भरल्याशिवाय ठराव होत नाही ना, तोच शब्द. प्रत्येक जिवाणू एक छोटा रेणू बाहेर सोडत राहतो, गर्दी वाढली की रेणू वाढतात, ठरावीक पातळी गाठली की सगळे एकदम जनुकं चालू करतात. समुद्रातल्या चमकणाऱ्या व्हिब्रिओ जिवाणूंमध्ये हे नीलसन, प्लॅट आणि हेस्टिंग्ज यांनी 1970 मध्ये दाखवलं, तेव्हा फार कुणी मनावर घेतलं नाही, क्वोरम सेन्सिंग हे नाव पडायला 1994 उजाडलं. पुढे प्रिन्स्टनच्या बॉनी बॅसलर यांनी दाखवलं की वेगवेगळ्या जातींना कळेल असाही एक सामाईक रेणू असतो.

पण मला खरं वेड लावलं ते सॅन दिएगोच्या गुरोल सुएल यांच्या लॅबच्या कामाने. बॅसिलस सबटिलिस या जिवाणूची वस्ती मोठी झाली की कडेच्या पेशी सगळं अन्न खातात आणि आतल्या उपाशी राहतात, म्हणजे हेडवाल्याने सगळं पाणी घेतलं तर टेलचं होतं तसंच. तर 2015 मध्ये त्यांना दिसलं की कडेच्या पेशी दर काही तासांनी वाढ थांबवतात, तेवढ्यात अन्न आतपर्यंत पोचतं, आणि आतून बाहेर निरोप जातो तो पोटॅशियमच्या विद्युत लाटेने, आपल्या मज्जापेशींसारखे आयन चॅनल (पेशीच्या पडद्यातली दारं) वापरून. मग 2017 मध्ये शेजारीशेजारी दोन वस्त्या ठेवून ग्लुटामेट (त्यांचं अन्न) कमी केलं तर त्या आळीपाळीने खायला लागल्या! एक थांबते तेव्हा दुसरी खाते, आणि अन्न कमी असूनही वाढ उलट जास्त झाली. मी हा रिसर्च पेपर घरी आण्णांना मराठीत सांगितला, ते बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले ही तर आपली पाळीच झाली की.

फुकटे तिथेही आहेत बरं का. स्युडोमोनास नावाचा जिवाणू लोह पकडायला पायोव्हर्डिन नावाचा रेणू बाहेर सोडतो, तो सगळ्यांच्या कामी येतो, मग काही पेशी स्वतः काहीच बनवत नाहीत आणि दुसऱ्याचा वापरतात, पाणीपट्टी न भरता रात्री दार उघडणाऱ्यासारख्या. 2004 च्या प्रयोगात दिसलं की सगे एकत्र राहिले तर बनवणारे टिकतात, सरमिसळ झाली तर फुकटे वाढतात. (या स्युडोमोनास एरुजिनोसाच्या प्लेटला पिकलेल्या द्राक्षांसारखा वास येतो, आमच्या बॅचमध्ये तो आधी मला ओळखू आला. पण मुद्दाम प्लेटला नाक लावू नका, तो रोगजंतू आहे.)

आता स्कोप. मी सातपूरला फूड कंपनीत क्यूसीला (गुणवत्ता तपासणीला) आहे, रोज टोटल प्लेट काउंट (एकूण जिवाणू मोजणं), कोलिफॉर्म (घाणीचा संसर्ग दाखवणारे जिवाणू), आणि टाक्या-पाईपचे स्वॅब (कापसाच्या काडीने पुसून घेतलेले नमुने), म्हणजे परत बायोफिल्मच, वस्ती कशी बसते ते कळलेल्या माणसाला कुठे स्वॅब घ्यायचा हे पटकन कळतं. फार्मा, पाणी तपासणी, जैविक खतं-औषधं यांतही कामं आहेत. रिसर्चमध्ये जायचं असेल तर सेकंड इयरपासूनच तयारी लावा, आयआयटी जॅमला (एमएस्सीच्या प्रवेश परीक्षेला) मायक्रो असा वेगळा पेपर नाही, बायोटेक्नॉलॉजीचा द्यावा लागतो, त्यात गणित-फिजिक्स पण येतं, तिथेच आपली मुलं अडकतात. पुण्यात एनसीसीएस आहे, आयसर आहे, या संशोधन संस्थांना उन्हाळ्याच्या प्रोजेक्टसाठी सरळ ईमेल करा, दहा पाठवले तर एखादं उत्तर येतं, नाराज होऊ नका. इंग्रजीची भीती वाटते त्यांनी रिसर्च पेपरमधली चित्रं आणि त्यांखालच्या ओळी आधी वाचाव्यात, मी अजून तसंच वाचते, पबमेड सेंट्रल या वेबसाईटवर फुकट मिळतात.

आणि ज्यांच्या घरी ठिबक आहे त्यांनी पुढच्या वेळी गावाहून येताना सॅम्पल आणा. ॲसिड सोडायच्या आधीचं घ्यायचं, नंतरचं उपयोगाचं नाही. लॅटरलचं टोक उघडल्यावर पहिलं येतं ते गढूळ पाणी निर्जंतुक बाटलीत भरा, बर्फात ठेवा, त्याच दिवशी लॅबला पोचवा, आणि घरी काही वाढवत बसू नका, प्लेट ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक) केल्याशिवाय टाकूही नका. आधी नुसता एक थेंब स्लाईडवर घेऊन मेथिलीन ब्लूने रंगवून बघा, सुट्या पेशी कमी आणि गुठळ्याच जास्त दिसतील.