पेट्रोलवरचे ग्रास कटर वापरताना या चुका टाळा

जूनमध्ये पावसाने जोर धरला की येऊर आणि कोलशेतच्या बंगल्यांची आवारे, घोडबंदर रोडवरच्या सोसायट्यांच्या मागच्या मोकळ्या जागा आणि खारघर-उलव्यातले रिकामे भूखंड पाहता पाहता गुडघाभर गवताने भरून जातात. एवढे गवत एकट्या माळ्याच्या विळ्याने आवरत नाही, म्हणून सोसायटी किंवा बंगलेमालक पेट्रोलवर चालणारे ग्रास कटर घेतात. यंत्र तसे साधे असते. सुमारे २५ ते ५० सीसीचे छोटे इंजिन, लांब दांडा आणि टोकाला फिरणारी नायलॉनची दोरी किंवा पाते, एवढाच त्याचा पसारा. असे असूनही यंत्र सुरू होत नाही, मध्येच बंद पडते किंवा जाम होते, या तक्रारी भर पावसाळ्यातच सुरू होतात आणि दोष बहुधा इंजिनाला दिला जातो. प्रत्यक्षात बहुतेक बिघाडांचे मूळ आपण टाकीत काय ओतले आणि ते किती दिवस तसेच ठेवले, यात सापडते. म्हणून या लेखात इंधनाला सर्वांत जास्त जागा दिली आहे.

इंधनाच्या चुका

पहिली चूक यंत्र विकत घेतल्याच्या दिवशीच होते. आपले इंजिन टू-स्ट्रोक आहे की फोर-स्ट्रोक, हे न पाहताच टाकी भरली जाते. टू-स्ट्रोक इंजिनात ऑइलसाठी वेगळी जागा नसते. पेट्रोलमध्ये मिसळलेले टू-टी ऑइलच पिस्टनला वंगण पुरवते. अशा यंत्रात नुसते पेट्रोल घातले तर काही मिनिटांतच पिस्टन आणि सिलिंडर एकमेकांवर घासून ओरखडे पडतात आणि इंजिन जाम होते. ही दुरुस्ती नव्या यंत्राच्या किमतीच्या जवळपास जाऊ शकते. उलट फोर-स्ट्रोक इंजिनाला साधे पेट्रोल लागते आणि ऑइल खालच्या वेगळ्या कप्प्यात भरावे लागते. त्याचे प्रमाण फार थोडे असते. होंडाच्या २५ सीसीच्या जीएक्स २५ इंजिनात ते अवघे ८० मिलिलिटर असते. त्यामुळे ऑइल थोडे कमी झाले तरी इंजिनाला धोका पोहोचतो, आणि जास्त भरले तर ते एअर फिल्टरपर्यंत चढून पांढरा धूर निघू लागतो. प्रत्येक वेळी काम सुरू करण्यापूर्वी यंत्र सपाट जागेवर ठेवून ऑइलची पातळी पाहणे हाच यावरचा उपाय आहे.

दुसरी चूक प्रमाणाची. घरातल्या ज्येष्ठांनी लुना किंवा जुन्या बजाज चेतकच्या काळात पंपावर ऑइल मिसळलेले पेट्रोल भरलेले असते, त्यामुळे अंदाजाने एक झाकण ऑइल टाकण्याची सवय अनेक घरांत अजून टिकून आहे. या छोट्या इंजिनांना असा अंदाज सोसत नाही. १:२५ प्रमाण असेल तर एका लिटर पेट्रोलला ४० मिलिलिटर, १:४० असेल तर २५ मिलिलिटर आणि १:५० असेल तर २० मिलिलिटर टू-टी ऑइल लागते. कोणते प्रमाण ठेवायचे, हे यंत्राच्या पुस्तिकेत किंवा टाकीच्या झाकणावर दिलेले असते आणि तेच पाळावे. मोजण्यासाठी औषधाचे खुणा असलेले माप वेगळे काढून ठेवले की पुरते. ऑइल कमी पडले तर इंजिन जाम होते. जास्त झाले तर प्लग काळा पडतो आणि सायलेन्सरच्या तोंडाशी कार्बन साचतो. मोटारीचे इंजिन ऑइल टू-टीच्या जागी कधीही वापरू नये. टू-टी ऑइल घेताना डब्यावर जासो या जपानी मानकाची एफसी किंवा एफडी श्रेणी लिहिलेली आहे ना, हे पाहावे, कारण या श्रेणीच्या ऑइलने धूर आणि कार्बन कमी होतो.

मिश्रण यंत्राच्या टाकीत करू नये, वेगळ्या डब्यात करावे. आधी निम्मे पेट्रोल, मग सर्व ऑइल, मग झाकण लावून हलवणे, मग उरलेले पेट्रोल आणि पुन्हा हलवणे, हा क्रम ठेवल्यास ऑइल तळाशी बसत नाही. हा डबा घट्ट झाकणाचा आणि धातूचा असावा. पाण्याच्या रिकाम्या बाटलीत पेट्रोल आणणे धोक्याचे आहेच. पण डबा कोठे ठेवला जातो, तेही पाहायला हवे. सोसायट्यांमध्ये तो सर्रास मीटर रूममध्ये, जिन्याखाली किंवा माळ्याच्या कपड्यांच्या कपाटात ठेवलेला आढळतो. वीज मीटरच्या खोलीत पेट्रोलची वाफ साचू देणे म्हणजे संपूर्ण इमारत धोक्यात घालणे आहे, आणि समितीने हा विषय माळ्यावर न सोपवता स्वतः सोडवला पाहिजे.

आता मुख्य मुद्दा. पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, आणि इथेनॉल हवेतला ओलावा शोषून घेते. ठाण्याच्या खाडीलगतच्या आपल्या हवेत जुलै-ऑगस्टमध्ये ओलाव्याला तोटा नसतो. अर्धवट भरलेल्या टाकीत किंवा सैल झाकणाच्या डब्यात पेट्रोल काही आठवडे राहिले, तर शोषलेले पाणी एका मर्यादेनंतर पेट्रोलमध्ये विरघळून राहत नाही आणि इथेनॉलला सोबत घेऊन तळाशी उतरते. जुने पेट्रोल काचेच्या स्वच्छ बाटलीत ओतून थोडा वेळ स्थिर ठेवले, तर हा थर डोळ्यांनी दिसतो: वर ऑइलच्या रंगाचे पेट्रोल, खाली गढूळसर पट्टा आणि दोघांमध्ये स्पष्ट रेषा. टाकीतील फिल्टर तळाशी असतो, त्यामुळे इंजिन सर्वांत आधी हाच खालचा थर ओढते. ऑइल मात्र मुख्यतः वरच्या पेट्रोलमध्येच राहते. परिणामी, प्रमाण अचूक मोजूनही इंजिनाला वंगण मिळत नाही, आणि ‘ऑइल तर बरोबर टाकले होते’ असे म्हणणाऱ्याचे यंत्र तरीही जाम होते. शिवाय इथेनॉलमुळे जुन्या यंत्रांतील रबरी नळ्या कडक होऊन तडकतात आणि पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरमधील पातळ पडदा ताठर होतो. अनेक यंत्रांच्या पुस्तिकांत १० टक्क्यांपेक्षा जास्त इथेनॉल चालणार नाही, असे स्पष्ट लिहिलेले असते. म्हणून नवे यंत्र घेताना ते २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवर चालते का, हे विक्रेत्याकडून लेखी विचारून घ्यावे. हाती असलेल्या यंत्रासाठी नियम सोपा आहे. एका-दोन दिवसांच्या कामापुरतेच मिश्रण करावे, पावसाळ्यात ते दोन आठवड्यांपेक्षा जास्त ठेवू नये आणि काम संपल्यावर टाकीत उरलेले डब्यात परत ओतावे.

यंत्र सुरू होत नसेल तर

बहुतेक जण स्टार्टरची दोरी ओढत राहतात आणि इंजिनात पेट्रोल साचवून ठेवतात. थंड इंजिनासाठी प्रायमर बल्ब (पेट्रोल ओढून घेणारा मऊ फुगा) पाच-सात वेळा दाबावा, चोक म्हणजे इंजिनात जाणारी हवा रोखणारी झडप बंद करावी, आणि इंजिन पहिल्यांदा ‘फट्’ करून थांबले की लगेच चोक उघडून पुन्हा ओढावे. ती ‘फट्’ ऐकू येऊनही चोक तसाच ठेवला की प्लग भिजतो. असे झाल्यास प्लग काढून पुसावा, चोक उघडा ठेवून आणि प्लगची टोपी बाजूला धरून दोरी आठ-दहा वेळा ओढावी, म्हणजे साचलेले पेट्रोल बाहेर पडते. हे करताना जवळ ठिणगी किंवा विडी-सिगारेट नसावी. प्लगचा रंगही बरेच सांगतो. चहासारखा तपकिरी असेल तर सर्व ठीक. काळा आणि ओला असेल तर ऑइल जास्त किंवा एअर फिल्टर तुंबलेला. पांढरट असेल तर इंजिनाला पेट्रोल कमी पडत आहे, आणि ही स्थिती तिन्हींत सर्वांत धोक्याची आहे.

सुरू झालेले यंत्र अॅक्सिलरेटर दाबताच बंद पडत असेल, तर टाकीचे झाकण किंचित सैल करून पाहावे. त्याने यंत्र नीट चालू लागले तर झाकणातील हवेचे छिद्र बुजले आहे, एवढाच अर्थ. तसे झाले नाही तर टाकीतील फिल्टर बदलावा. कार्ब्युरेटरवर एच आणि एल अशा खुणा असलेले स्क्रू मात्र अंदाजाने फिरवू नयेत. ते काम मेकॅनिकचे आहे. अर्ध्या तासाने ताकद कमी होत असेल तर एअर फिल्टरचा स्पंज साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवावा आणि सायलेन्सरची जाळी कार्बनने बंद झाली आहे का, ते पाहावे. ओले गवत फिरत्या टोकाभोवती आणि दांड्याच्या तोंडाशी गुंडाळले गेले तरीही इंजिन दमते. पावसाळ्यात हे फार होते, आणि इंजिन बंद करूनच ते काढावे.

दोरी, पाते आणि संरक्षक पत्रा

दोरी लवकर तुटते म्हणून तिच्या जागी क्लचची वायर किंवा बारीक लोखंडी तार लावण्याचा प्रकार आपल्याकडे दिसतो. हे कोणत्याही परिस्थितीत करू नये. मिनिटाला हजारो फेऱ्या घेणाऱ्या टोकावरून तुटलेला तारेचा तुकडा माणसाच्या शरीरात घुसू शकतो. नायलॉन दोरी तुटण्याची खरी कारणे वेगळीच असतात: कुंपणाच्या भिंतीला किंवा दगडाला टोक टेकवून कापणे, आणि दोन-तीन वर्षे पडून वाळलेली दोरी वापरणे. वाळलेली दोरी एक दिवस पाण्यात भिजत ठेवली की तिच्यात पुन्हा लवचीकपणा येतो. दोरीची जाडी पुस्तिकेत सांगितली तेवढीच घ्यावी. २.४ मिलिमीटरच्या यंत्राला ३ मिलिमीटरची दोरी लावली तर इंजिनाचा वेग घटतो आणि क्लच तापतो. रिळावर दोरी बाणाच्या दिशेने आणि एकावर एक तिरकी न चढवता गुंडाळावी, अन्यथा उष्णतेने वेढे एकमेकांना चिकटतात आणि टोक जमिनीवर आपटले तरी दोरी बाहेर येत नाही.

अडचण वाटते म्हणून फिरत्या टोकावरचा संरक्षक पत्रा काढून टाकणे ही चूकही तितकीच मोठी आहे. त्यावरील छोटी सुरी दोरी योग्य लांबीला कापते. पत्रा नसेल तर दोरी लांब होते, इंजिनावर ओझे येते आणि खडे थेट पायावर व तोंडावर येतात. डोळ्यांना गॉगल, कानांना संरक्षण, पायांत गमबूट आणि पूर्ण लांबीची पँट हे सोसायटीने माळ्याला द्यायलाच हवे. आजूबाजूला १५ मीटरच्या आत कोणी नसावे, आणि पार्किंगमधल्या गाड्यांच्या काचांचाही विचार करावा. झुडपांसाठी धातूचे पाते लावले असेल तर त्याच्या पुढच्या उजव्या भागाने खोडाला भिडू नये. तेथून यंत्र झटक्याने मागे फेकले जाते. बहुतेक सरळ दांड्याच्या यंत्रांत टोक वरून पाहता घड्याळाच्या उलट दिशेने फिरते, म्हणून उजवीकडून डावीकडे झोका घेत डाव्या भागाने कापावे. पाते घट्ट करणारा नटही या यंत्रांत उलट आट्यांचा असतो. नेहमीच्या दिशेने जोर लावून तो खोलायला गेले की आटे तुटतात.

जागा पाहून काम

वृक्षारोपणात लावलेल्या रोपांचे सर्वाधिक नुकसान याच दोरीने होते. जमिनीपासून दोन-तीन इंचांवर बकुळीच्या कोवळ्या खोडाभोवती साल सोललेला पांढरट पट्टा दिसला, तर तो ग्रास कटरचाच असतो. साल पूर्ण गोलाकार निघाली की पानांत तयार झालेले अन्न मुळांपर्यंत पोहोचत नाही आणि झाड काही महिन्यांनी वाळते. तोवर कारण कोणाच्या लक्षातही राहत नाही. म्हणून प्रत्येक रोपाभोवती हातभर जागा खुरप्याने साफ करून तेथे पालापाचोळा पसरावा आणि यंत्र त्या वर्तुळात नेऊ नये.

गाजरगवत फुलावर येण्यापूर्वीच कापावे; फुलोऱ्यानंतर त्याचे परागकण अंगावर उडून त्वचेला त्रास होतो. येऊरसारख्या जंगलालगतच्या भागात खाजकुइलीच्या वाळलेल्या शेंगांवर यंत्र चालवले तर तिची कुसे सगळीकडे उडतात, म्हणून तो वेल आधी वेगळा काढावा. उंच गवतात घोणस, फुरसे आणि नाग असू शकतात. कापण्यापूर्वी काठीने गवत हलवून थोडे थांबावे. पावसाचे साचलेले पाणी असेल तेथे चिखल अंगावर उडतो, आणि लेप्टोस्पायरोसिसचा धोका लक्षात घेता पायावर जखम असलेल्या माणसाला त्या जागी पाठवू नये.

जानेवारीनंतर वाळलेल्या गवतात तापलेले यंत्र आडवे ठेवणे ही वेगळीच जोखीम आहे. येऊर, पारसिक आणि खारघरच्या टेकड्यांवर उन्हाळ्यात वणवे लागतात, आणि गरम सायलेन्सर वाळलेल्या गवताला टेकला तर आग लागायला पुरेसा असतो. पेट्रोल भरण्यापूर्वी इंजिन दहा मिनिटे थंड होऊ द्यावे. बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजमधल्यासारखे छोटे अंगण असेल तर मात्र पेट्रोलच्या यंत्राची गरजच नाही. तेथे विळा किंवा बॅटरीवरचे छोटे यंत्र पुरते, आणि शेजाऱ्यांनाही कमी त्रास होतो. निवासी भागात दिवसा आवाजाची मर्यादा ५५ डेसिबल आहे आणि ही इंजिने तिच्या कितीतरी वर जातात, याचे भान सोसायट्यांनीही ठेवावे.

हंगाम संपल्यावर

दिवाळीच्या सुमारास शेवटची कापणी झाली की यंत्र तसेच कोपऱ्यात उभे केले जाते आणि पुढच्या जूनमध्ये ते सुरू होत नाही. टाकी पूर्ण रिकामी करावी, इंजिन आपोआप बंद होईपर्यंत चालवावे म्हणजे कार्ब्युरेटरमध्ये काही उरत नाही, मग प्लग काढून सिलिंडरमध्ये टू-टी ऑइलचे चार-पाच थेंब टाकावेत, स्टार्टरची दोरी हळूच दोन-तीनदा ओढावी आणि प्लग परत लावावा. दांड्याच्या टोकाच्या गिअर पेटीत थोडे ग्रीस भरावे. यंत्र प्लास्टिकमध्ये गच्च बांधू नये, कारण आत अडकलेल्या ओलाव्याने गंज चढतो. कोरड्या जागी टांगून ठेवणे उत्तम. मेच्या शेवटच्या आठवड्यात ताजे मिश्रण घालून एकदा चालवून पाहावे आणि रबरी नळी बोटाने दाबून ती मऊ आहे का, हे तपासावे. नळी कडक झाली असेल तर ती तेव्हाच बदलून घ्यावी, कारण जुलैमध्ये दुरुस्तीच्या दुकानात यंत्रांची रांग लागलेली असते.