फूट, इंच आणि सूत : मापं बदलताना या चुका टाळा

पत्र्याचं शेड, पोटमाळ्याचा जिना, पडवी, गेट, अशी लहान कामं मी गेली बरीच वर्षं करतो आहे. या कामात माल खराब निघाला म्हणून जेवढं नुकसान होत नाही, त्याच्या कितीतरी पट नुकसान माप लिहिताना होतं. टेपवर बरोबर दिसलेलं माप कागदावर येताना बदलतं, कागदावरून कॅल्क्युलेटरवर जाताना आणखी बदलतं, आणि कटिंग झाल्यावर सगळे एकमेकांकडे बघतात. दरवर्षी नवीन मुलं कामाला येतात आणि दरवर्षी त्याच चुका करतात. म्हणून एकदा नीट लिहून ठेवतो.

आधी गणित. १ फूट म्हणजे १२ इंच, १ इंच म्हणजे ८ सूत. ३ फूट म्हणजे १ वार. बारा आणि आठ, हे दोन आकडे लक्षात ठेवा. दहाचा इथे काहीही संबंध नाही, आणि सगळा घोळ तिथेच आहे.

फूट-इंचामधला तो टिंब

९ फूट १० इंच हे माप ९.१० असं लिहायची आपल्याकडे सर्रास सवय आहे. गवंडी लिहितो, सुतार लिहितो, घरमालक मोबाइलवर तसंच पाठवतो. लिहिणाऱ्याच्या डोक्यात ते बरोबर असतं. पण कॅल्क्युलेटरला तुमच्या डोक्यातलं कळत नाही. त्याच्यासाठी ९.१० म्हणजे ९ फूट आणि एका फुटाचा दहावा भाग, म्हणजे जेमतेम सव्वा इंच.

एका दुकानाच्या पोटमाळ्याला लोखंडी जिना करायचा होता. मालकांनी जमिनीपासून वरच्या फरशीपर्यंतची उंची स्वतः मोजली आणि मेसेज केला : "उंची ९.१०". टेप त्यांनी व्यवस्थित धरला होता, माप अचूक होतं. माझा पुतण्या तेव्हा हिशेब सांभाळायचा. त्याने ते एक्सेलमध्ये टाकलं. एक्सेलने शेवटचं शून्य उडवलं आणि ९.१ दाखवलं. माझ्या हातात कागद आला तो ९.१ चा. बाराने गुणलं, १०९.२ इंच आले. १५ रायझर, म्हणजे पायऱ्यांचे उभे चढ, धरले, प्रत्येकी ७.२८ इंच.

मी उलट तपासणीही केली होती. ९.१ म्हणजे ९ फूट १ इंच असेल असं धरून पाहिलं, तर १०९ इंच येतात. दोन्ही आकडे जवळपास सारखे, त्यामुळे मी निश्चिंत झालो. दोन चुकीची उत्तरं एकमेकांशी जुळत होती, एवढंच झालं होतं. खरी उंची होती ११८ इंच.

चॅनल कापले, चेकर्ड प्लेटच्या पायऱ्या वेल्ड केल्या, रेड ऑक्साइड मारून टेम्पोत घातलं. दुकानात जिना उभा केला तर वरचं टोक पावणेनऊ इंच खाली. मालक म्हणाले, "दादा, शेवटची पायरी जरा मोठी राहू दे, चालेल आम्हाला." चालणार नव्हतं. शेवटचा चढ १६ इंचांचा झाला असता. जिन्यावर माणूस पायाकडे बघून चढत नाही. पहिल्या दोन-तीन पायऱ्यांत पायाला अंदाज येतो आणि पुढे पाय त्याच अंदाजाने उचलला जातो. एक पायरी वेगळी झाली की माणूस तिथेच अडखळतो. त्यातून हातात मालाचं खोकं घेऊन उतरणारा पोऱ्या असेल तर बघायलाच नको. खाली पेडेस्टल, म्हणजे चौथरा, बांधून जिना उचलायचं एकाने सुचवलं, पण मग तोच १६ इंचांचा चढ पहिल्या पायरीला आला असता.

जिना परत आणला. पायऱ्यांच्या प्लेटा सोडवून वापरता आल्या, बाजूचे दोन्ही चॅनल नवीन घेतले. तीन दिवस आणि चॅनलचे पैसे माझ्या अंगावर पडले. मालकांचा त्यात दोष नव्हता. माप विचारून घेणं हे माझं काम होतं.

९.१० एवढा घोळ घालतो म्हणून निदान पकडला तरी जातो. खरी भीती मधल्या आकड्यांची. ५ फूट ६ इंच कोणी ५.६ लिहिलं तर कॅल्क्युलेटर ५ फूट ७.२ इंच धरतो. फरक सव्वा इंचाच्या आत. चौकट बसवायची वेळ येईपर्यंत हे कोणाच्या लक्षात येत नाही, आणि मग गवंड्यावर खापर फुटतं. बेरजेतही तेच. ४ फूट ८ इंच आणि ३ फूट ९ इंच यांची बेरीज ८ फूट ५ इंच होते. ४.८ आणि ३.९ कॅल्क्युलेटरवर टाका, ८.७ येईल, आणि लिहिणारा ते ८ फूट ७ इंच म्हणून वाचेल. दोन इंच हवेतून आले.

माझी सवय सांगतो. २० फुटांच्या आतलं कुठलंही माप मी फुटात लिहीतच नाही. सगळं इंचात. जिना ११८, दरवाजा ८१, कट्टा ३२. टेपवर इंच सलग छापलेले असतात, तेच वाचायचे. फूट लिहायचेच असतील तर मध्ये टिंब नाही, ९'-१०" असं खुणा घालून. आणि कोणी फोनवर "नऊ दहा" म्हणालं तर मी त्यांना "नऊ फूट, दहा इंच" असं पूर्ण बोलायला लावतो. शिवाय टेपचा फोटो मागतो. काही जणांना राग येतो. येऊ दे.

आपल्या बोलीत मुळात ही चूक होण्यासारखी नाही. साडेनऊ फूट म्हटलं की ९ फूट ६ इंच, सव्वानऊ म्हटलं की ९ फूट ३ इंच, पावणेदहा म्हटलं की ९ फूट ९ इंच. सव्वा, साडे, पावणे हे ज्या मापासोबत येतात त्याचाच पाव-अर्धा भाग सांगतात, मग ते बाराचं असो की आठाचं. सव्वासात इंच म्हणजे ७ इंच २ सूत, हे जुन्या सुताराला विचार करावा लागत नाही. फक्त मागे फूट की इंच ते बोला. "साडेचारचा तुकडा दे" एवढंच ऐकून एकाने साडेचार इंचांऐवजी साडेचार फुटांचा तुकडा काढलेला मी पाहिला आहे.

एक सूत म्हणजे किती?

"एका सुताने काय होतंय," हे वाक्य माझ्या वर्कशॉपमध्ये चालत नाही. त्याच जिन्याचं घ्या. ११८ इंचांना १६ रायझर धरले की प्रत्येकी ७.३७५ इंच येतात, म्हणजे नेमके ७ इंच ३ सूत. आता एखाद्याने सोपं जावं म्हणून सव्वासात इंच धरले, म्हणजे एका पायरीला एकच सूत सोडलं, तर सोळा पायऱ्यांना सोळा सूत गेले. सोळा सूत म्हणजे दोन इंच. एका तुकड्यात सूत सोडलं तर रंधा मारून, लांबी (पुट्टी) भरून निभावता येतं. जिथे तोच तुकडा पुन्हा पुन्हा येतो, म्हणजे पायऱ्या, जाळीच्या सळ्या, फळ्यांचे खण, तिथे सूत सोडायचं नाही.

कॅल्क्युलेटरवरचा टिंब इथेही फसवतो. ७.३ इंच म्हणजे ७ इंच ३ सूत नव्हे. टिंबानंतरच्या भागाला आठने गुणा : ०.३ गुणिले ८ म्हणजे २.४ सूत. फुटाचंही तसंच. मागच्या वर्षी एका शेडचं मार्किंग चालू होतं, १० बाय १८ चं. काटकोन बघायला कर्ण काढला, कॅल्क्युलेटरवर २०.५९ आले. पोराने टेप ताणला आणि २० फूट ६ इंचांवर खूण केली, "जवळपास आहे" म्हणून. मी त्याला तिथेच बसवून करायला लावलं. ०.५९ गुणिले १२ म्हणजे ७.०८, म्हणून ७ इंच. उरलेल्या ०.०८ ला आठने गुणलं की अर्ध्या सुताच्या वर काहीतरी. म्हणजे २० फूट ७ इंच आणि पाऊण सूत धरा. त्याच्या खुणेपेक्षा एक इंच जास्त. कर्ण एक इंच चुकला की शेड तिरकं जातं आणि शेवटचा पत्रा लावताना एका बाजूला बाहेर येतो, दुसऱ्या बाजूला कमी पडतो. त्या पोराने नंतर चारदा बाराने-आठने करून दाखवलं. शांतपणे केलं तर त्याला अर्धा मिनिट लागतो. घाई असते ती त्या अर्ध्या मिनिटाची.

सळईचं सूत मात्र वेगळं समजा. बाजारात १० एमएमला तीन सूत, १२ एमएमला चार सूत, १६ एमएमला पाच सूत म्हणतात. ती नावं आहेत. चार सूत मोजून पाहिलं तर १२.७ एमएम भरतं. नावावरून ड्रिल मारू नका, कॅलिपर लावा.

"दोन बाय दोन"ची फरशी

देशात मेट्रिक मापांचा कायदा १९५६ साली झाला, पण आपण दर विचारतो स्क्वेअर फुटात आणि कारखाना माल काढतो मिलिमीटरमध्ये. त्या दोन्हींच्या मध्ये घरमालक सापडतो. १ इंच म्हणजे बरोबर २५.४ एमएम, त्यामुळे २ फूट म्हणजे ६०९.६ एमएम. दुकानदार जिला "दोन बाय दोन" म्हणतो ती फरशी असते ६०० एमएमची. टेप लावलात तर २३ इंच ५ सूत.

एका घराची २० फुटी पडवी होती. दहा फरशा बरोबर बसतील, कटिंग नको, असा हिशेब मालकिणीने करून ठेवला होता. ताईंचा हिशेब कागदावर चोख होता. पण २० फूट म्हणजे ६०९६ एमएम, आणि दहा फरशा सांध्यांसकट झाल्या ६०१८. शेवटी तीन इंचांची पट्टी उरली, तीही नेमकी दाराच्या उंबऱ्यापाशी, येता-जाता दिसेल अशी. आधी कळलं असतं तर मध्यापासून सुरुवात करून दोन्हीकडे सारखा तुकडा घेता आला असता. तोवर निम्मी फरशी बसली होती. त्यांना फार वाईट वाटलं, आणि मलाही.

बॉक्सचंही तेच. चार फरशांचा बॉक्स १६ स्क्वेअर फूट धरतात, भरतो १५.५. ३०० स्क्वेअर फुटांना १९ नव्हे, २० बॉक्स लागतात, आणि तुटफूट वेगळी. मी कुठल्याही कामात आधी एक बॉक्स फोडून फरशी मोजतो आणि मगच भिंतीवर खुणा करतो.

पाईपचं असंच. "वीस फुटी" बॉक्स पाईप बऱ्याचदा ६ मीटरचा असतो, म्हणजे १९ फूट सव्वाआठ इंच. त्यातून चार-चार फुटांचे पाच तुकडे निघत नाहीत. पूर्ण २० फूट असला तरी निघत नाहीत, कारण कटिंगची चकती प्रत्येक कापाला साधारण एक सूत खाते. चार काप म्हणजे अर्धा इंच, आणि तो शेवटच्या तुकड्यातून जातो.

बाकीच्या चुका थोडक्यात

पाच इंची कोबा काढताना जाडी ०.५ फूट धरू नका. पाच भागिले बारा, म्हणजे ०.४१७. २० बाय १५ च्या पडवीला सव्वा ब्रास काँक्रीट लागतं (१ ब्रास म्हणजे १०० घनफूट). ०.५ धरलं की दीड ब्रास होतं आणि पाव ब्रासचा माल आवारात पडून राहतो.

चौरस इंचांचे चौरस फूट करताना १२ ने नाही, १४४ ने भागा. ३० बाय १८ इंचांची खिडकी पावणेचार स्क्वेअर फूट होते, ४५ नाही.

माप आतलं की बाहेरचं ते लिहा. नऊ इंची भिंत दोन्हीकडे आली की खोलीच्या आतल्या-बाहेरच्या मापात दीड फूट जातो, वर प्लास्टर.

टेपच्या टोकाचा आकडा (हुक) हलतो म्हणून तो ठोकून घट्ट करू नका. आकड्याच्या जाडीएवढा तो हलायलाच हवा. ओढून मोजताना आणि टेकवून मोजताना माप सारखं यावं म्हणून तशी सोय असते.

टेपचं टोक खराब आहे म्हणून एक इंचापासून धरून मोजायची काहींना सवय असते. वजा करायचं विसरलं की आख्खा इंच जातो. टेप बदला.

आणि साइटवर एक टेप, वर्कशॉपमध्ये दुसरा, असं करू नका. मोजलेला टेप माझ्या खिशात परत येतो आणि त्याच टेपने कटिंगची खूण होते. पुतण्याने हल्ली त्यावर लाल चिकटपट्टी गुंडाळली आहे, म्हणजे दुसरं कोणी उचलत नाही.