यूयूआयडी यूआरएलमध्ये २२ अक्षरांत कसा बसवावा

यूयूआयडी (नोंदीला दिलेला १६ बाइटांचा अनन्य ओळख-क्रमांक) बेस६४ने, म्हणजे बाइट ६४ चिन्हांच्या मदतीने मजकुरात लिहिण्याच्या पद्धतीने, लहान करता येतो. पण नेहमीच्या बेस६४मध्ये '+', '/' आणि '=' ही चिन्हे येतात आणि यूआरएलमध्ये ती अडचणीची ठरतात: क्वेरीतील '+' सर्व्हरवर बहुधा मोकळी जागा म्हणून वाचला जातो, तर '/' मुळे पाथ मध्येच तुटतो. म्हणून २००६ च्या आरएफसी ४६४८ (इंटरनेटच्या तांत्रिक नियमांचा एक दस्तऐवज) मधील यूआरएल-सुरक्षित प्रकार वापरावा; त्यात '+' च्या जागी '-' आणि '/' च्या जागी '_' येते, आणि लांबी आधीच ठाऊक असल्यास शेवटची '=' चिन्हे गाळता येतात.

यूयूआयडी लहान करताना मात्र एक चूक मला वारंवार दिसते: हायफनसह ३६ अक्षरांचा मजकूर जसाच्या तसा एन्कोड केला जातो आणि हाती ४८ अक्षरे पडतात. त्याऐवजी आधी त्याचे मूळ १६ बाइट काढून घ्यावेत आणि तेच एन्कोड करावेत, म्हणजे २२ अक्षरांत काम भागते. डीकोड करताना लायब्ररी '=' मागत असेल, तर लांबीला ४ ने पूर्ण भाग जाईपर्यंत ती परत जोडावीत. या पद्धतीत इंग्रजी लहान आणि मोठी अक्षरे वेगळी धरली जातात, त्यामुळे डेटाबेसमधील कॉलमचे कोलेशनही (मजकुराची तुलना करण्याचे नियम) हा भेद पाळणारे आहे ना, हे अवश्य तपासावे; अन्यथा दोन भिन्न नोंदी एकच समजल्या जाण्याचा धोका राहतो.