परदेशात प्राथमिक शिक्षकाची नोकरी : या चुका टाळा

“दहा वर्षांचा अनुभव आहे, कुठे अर्ज करू?” असं विचारणारे बहुतेक जण पहिल्याच पायरीवर चुकलेले असतात. अनुभवाचा नंबर नंतर लागतो. आधी पाहतात ते तुमचं प्रशिक्षण कोणत्या वयाच्या मुलांना शिकवण्यासाठी झालं ते.

ही चूक सगळ्यांत महाग पडते. ऑस्ट्रेलियात प्राथमिक शिक्षक म्हणून कौशल्याच्या व्हिसावर जायचं तर एआयटीएसएल ही संस्था पात्रता तपासते. किमान चार वर्षांचं उच्च शिक्षण, त्यात एक वर्षाचं शिक्षक-प्रशिक्षण, तेही प्राथमिकचंच, आणि देखरेखीखाली किमान ४५ दिवसांचा पाठसराव. एका शिक्षिकेने नऊ वर्षं पहिली-दुसरीला शिकवलं होतं, पण प्रशिक्षण माध्यमिकचं. अनुभवपत्राच्या जोरावर प्राथमिकमध्ये अर्ज केला. नकार आला, फी गेली. मग माध्यमिकमध्ये अर्ज करायला बसल्या, तर गुणपत्रकावर एवढंच : ‘पाठसराव, २०० गुण’. गुण घेऊन काय करायचंय, हवे असतात दिवस. कोणत्या शाळेत, कोणत्या इयत्तेला, कधीपासून कधीपर्यंत, किती दिवस. कॉलेजातले प्राचार्य बदललेले, जुनी दफ्तरं माळ्यावर. पत्र हातात यायला तीन महिने लागले आणि तोवर इंग्रजीच्या परीक्षेच्या निकालाची मुदत संपत आली होती.

म्हणून कॉलेजचं हे पत्र सगळ्यांत आधी मागा, इंग्रजीची परीक्षा सगळ्यांत शेवटी द्या. पत्राचा मजकूर स्वतः टाइप करून न्या. कार्यालयात ‘एक पत्र हवं होतं’ म्हणून उभे राहिलात तर हेलपाटे ठरलेले. तारखा भरायच्या जागा सोडलेला कागद पुढे ठेवला की काम हलतं. आणि परीक्षा शेवटी म्हणजे तयारी शेवटी नव्हे : आयईएलटीएसमध्ये ऐकणं आणि बोलणं यांत ८, वाचन-लेखनात ७ लागतात. ‘सरासरी साडेसात आहे’ याला काही अर्थ नाही.

इंग्लंडचा सापळा वेगळा. तिथला क्यूटीएस, म्हणजे ‘पात्र शिक्षक’ हा दर्जा मिळवण्यासाठी २०२३ पासून बऱ्याच देशांतल्या शिक्षकांना ऑनलाइन अर्ज करता येतो. ही बातमी वाचून प्राथमिकचे शिक्षक उड्या मारतात. अट खालच्या ओळीत असते : भारत, नायजेरिया यांसारख्या काही देशांत शिकलेल्यांनी ११ ते १६ वयाच्या मुलांना गणित, विज्ञान किंवा भाषा शिकवण्याची पात्रता मिळवलेली हवी. मग दार बंद का? नाही. खासगी शाळा या दर्जाशिवायही घेऊ शकतात. सरकारी शाळांत परदेशी प्रशिक्षित शिक्षकाला चार वर्षांपर्यंत शिकवता येतं. मात्र व्हिसासाठी प्रायोजक होणारी शाळा प्रायोजकांच्या सरकारी यादीत आहे का, ते मुलाखतीआधी तपासा. यादी ऑनलाइन आहे, दोन मिनिटांचं काम. ते न करता एजंटला पैसे भरणाऱ्यांची कीव करायचंही आता होत नाही.

‘कॅनडासाठी’ तयारी करू नका. शिक्षकाचा परवाना प्रांत देतो, देश नाही.

इंग्रजी शिकवण्याचा महिनाभराचा ऑनलाइन कोर्स म्हणजे शिक्षकाचा परवाना नव्हे.

मूळ प्रमाणपत्रं लॅमिनेट करू नका, शिक्का कुठे मारणार? आणि शिक्का कुठला, ते चालू वर्षाचं पाहा. कॅनडाने जानेवारी २०२४ पासून अपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा आपल्या सरकारचा शिक्का, स्वीकारलं. जुनी मार्गदर्शनं अजून दूतावासाच्या खेपा घालायला लावतात.

बायोडाटा पाठवून वाट पाहत बसणं हीसुद्धा नेहमीची चूक. इंग्लंडमधल्या शाळांनी नुसत्या बायोडाटावर निवड करायची नसते. त्यांचा फॉर्मच भरावा लागतो. नोकरीत पडलेल्या प्रत्येक खंडाचं कारण तिथे लिहा, बाळंतपण असो की घरची आजारपणं. रिकामे आठ महिने दिसले की प्रश्न येतोच. ‘ज्याच्याशी संबंधित असेल त्यास’ छापाचं शिफारसपत्र तर बाजूलाच ठेवतात, कारण शाळा थेट तुमच्या मुख्याध्यापकांना लिहून विचारते. त्यांचा शाळेचा ईमेल द्या, जीमेल नको, आणि त्यांना आधी सांगून ठेवा.

मुलाखतीत मुलांच्या सुरक्षिततेचा प्रश्न हमखास असतो आणि चांगले चांगले तिथे आपटतात. मूल म्हणतं, “बाई, कुणाला सांगू नका हं,” आणि काही गंभीर सांगतं. “मी त्याचा विश्वास जपेन” हे उत्तर चुकलं. गुप्ततेचं वचन द्यायचं नाही, खोदून विचारायचं नाही, मुलाच्याच शब्दांत लिहून काढायचं आणि त्याच दिवशी शाळेतल्या नेमलेल्या व्यक्तीला कळवायचं.

राहिली वेळ. मार्चमध्ये सुचलं आणि जूनमध्ये जायचं, असं होत नाही. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडचं शालेय वर्ष जानेवारी-फेब्रुवारीत सुरू होतं, इंग्लंडचं सप्टेंबरात. इंग्लंडमध्ये सप्टेंबरपासून जागा सोडणारे शिक्षक ३१ मेपर्यंत राजीनामा देतात, त्यामुळे जाहिरातींचा जोर फेब्रुवारी ते मे. कागद त्याआधीच्या डिसेंबरात फोल्डरमध्ये हवेत. पोलिसांचा दाखला तेवढा मागे ठेवा, त्याची मुदत लवकर संपते. आणि गेल्या दहा वर्षांत आणखी कुठल्या देशात बारा महिने राहिला असाल, तर दाखला तिथलाही लागेल.