भातातले बी-१ जीवनसत्त्व कसे टिकवावे

भात-भाकरीतून मिळालेल्या ग्लुकोजची ऊर्जा करायला पेशींना थायमिन, म्हणजे बी-१, लागते. ते कमी पडले की काम पायरुवेट या मधल्या पदार्थापाशी अडते, लॅक्टिक आम्ल साठते आणि झळ बसते ती नसा, मेंदू आणि हृदयाला. मोठ्या माणसाला रोज साधारण सव्वा मिलिग्रॅम पुरते; पण शरीरातला साठा जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा.

१. तांदूळ बघून घ्या. थायमिन असते कोंड्यात आणि अंकुरात, ते पॉलिश करताना गिरणीतच राहते. १८९० च्या दशकात जावामध्ये डच डॉक्टर ख्रिस्तियान आइकमन यांच्या कोंबड्या पांढऱ्या तांदळावर लुळ्या पडल्या आणि कोंड्यासकटच्या तांदळावर सावरल्या. म्हणून हातसडीचा घ्यावा, किंवा कोकण-गोव्यातला उकडा. साळी टरफलासकट उकडताना थायमिन दाण्यात आत मुरते, मग सडल्यावरही बरेचसे टिकते. उकड्याचा वास नको वाटणाऱ्यांनी पेजेपासून सुरुवात करावी.

२. तांदूळ चोळून धुऊ नका. पाणी नितळ होईपर्यंत धूत बसण्याची सवय अनेक घरांत आहे. थायमिन पाण्यात विरघळते, त्या पांढुरक्या धुवणाबरोबर तेही मोरीत जाते. हलक्या हाताने एक-दोन पाणी पुरे.

३. भात वेळू नका, म्हणजे शिजताना वरचे पाणी काढून टाकू नका. वेळलाच तर ते पाणी आमटीत घाला.

४. छोले-राजम्यात सोडा टाकू नका. सोडा आणि उष्णता मिळून थायमिन मोडते. रात्रभर भिजवा, दोन शिट्ट्या जास्त करा.

५. ताटात डाळ, मटकी, शेंगदाणे, तीळ असू द्या. खाणाऱ्यांसाठी डुकराचे मांसही उत्तम.

६. लक्षणे ओळखा. पायांत मुंग्या, पोटऱ्या दुखणे, पायांना सूज, धाप ही बेरीबेरीची, म्हणजे थायमिन कमी पडून होणाऱ्या आजाराची, चिन्हे असू शकतात. रोज दारू पिणारे आणि सतत उलट्या होणाऱ्या गर्भवती यांना धोका जास्त. बोलण्यात गोंधळ, चालताना तोल जाणे, डोळे नीट न फिरणे, यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. अशा माणसाला ‘अशक्तपणा आहे’ म्हणून नुसते ग्लुकोजचे सलाईन लावून आणू नये. उरलेसुरले थायमिन त्यातच खर्च होते. डॉक्टर थायमिनचे इंजेक्शन आधी किंवा सोबतच देतात, पण त्यासाठी दारूची गोष्ट त्यांच्यापासून लपवता कामा नये.